आपत्तीची झळ आकड्यात कशी आणायची? कोकणातल्या स्त्रियांच्या मानसिक आरोग्याची पाहणी

पागोळी

चिपळूण, खेड, दापोली आणि मंडणगड या चार तालुक्यांत अठरा वर्षांवरच्या स्त्रियांच्या मानसिक आरोग्याची पाहणी आखली जाते आहे. तीन घटना धरल्या आहेत: ३ जून २०२०चं निसर्ग वादळ, मे २०२१मधलं तौक्ते आणि २२ जुलै २०२१चा पूर व दरडी. मनाची बाजू मोजायला तयार प्रश्नावल्या आहेत. घोडं अडलंय ते दुसऱ्या बाजूला: कुणाला किती झळ बसली हे ठरवायचं कसं?

मसुद्यात सध्या 'बाधित तालुका' असेल तर १, नसेल तर ० एवढंच आहे. चारही तालुके बाधितच, म्हणून तुलनेला गुहागरचा काही भाग घ्यावा असं सुचवलं गेलंय. त्याशिवाय हवामान खात्याचा पाऊस, तहसीलमधले पंचनामे, उपग्रहाची चित्रं आणि प्रत्यक्ष बाईला विचारणं असे चार मार्ग दिसतात. ज्यांनी यांतलं काही वापरलंय त्यांनी खाचाखोचा सविस्तर सांगाव्यात. वरवरचं उत्तर नको आहे.

कातळसडा

तालुक्याला १ किंवा ० देणं आधी काढून टाका. चिपळूण तालुक्यात बाजारपेठेचे तळमजले बुडाले तेव्हा वरच्या अंगाच्या कित्येक वाड्यांत घरात थेंबभर पाणी शिरलं नव्हतं. दापोलीत केळशी, आंजर्ले, हर्णैच्या किनाऱ्यावर वाऱ्याने जे केलं ते आतल्या गावांत तितकं झालं नाही. दोन तालुक्यांतल्या फरकापेक्षा एकाच तालुक्यातल्या दोन वाड्यांतला फरक मोठा आहे. सगळ्यांना १ दिलात की बुडालेली आणि न बुडालेली एका पारड्यात जातात, परिणाम पातळ होतो आणि शेवटी 'आपत्तीचा मनावर विशेष परिणाम दिसला नाही' असा चुकीचा निष्कर्ष छापला जातो. गुहागर तुलनेला घेण्यातही अर्थ नाही, दोन्ही वादळांचा वारा तिथेही लागलाय.

आता पाऊस. हवामान खात्याची चौकटींत बसवलेली रोजच्या पावसाची आकडेवारी पाव अंशाची आहे, म्हणजे एका चौकटीची बाजू साधारण २७ किलोमीटर. खाडीपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत जाताना अशा जेमतेम दोन चौकटी लागतात. त्यात गाव सापडत नाही, वाडी तर नाहीच. दुसरं म्हणजे खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३०ला संपतो. २२ जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस २१ तारखेच्या सकाळी ८:३०पासून २२च्या सकाळी ८:३०पर्यंतचा असतो. चिपळुणात पाणी चढलं ते २१ची रात्र उलटून पहाटेकडे, आणि पाऊस पुढेही चालूच होता. म्हणून २२ आणि २३ दोन्ही नोंदी घ्याव्या लागतात. तारीख सरळ जोडली की एक दिवस घसरतो, आणि ही चूक आकडे नुसते पाहून लक्षात येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, बाईच्या गावातला पाऊस म्हणजे तिच्या घरातला पूर नव्हे. वाशिष्ठीला पाणी येतं ते वरच्या पाणलोटातून. कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजलही, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, त्याच नदीत उतरतं, आणि खाडीला भरती असली की ते पुढे सरकत नाही. पूर मोजायचा तर घराची नदीपासूनची उंची हवी. पण फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत एक ठिपका ३० मीटरचा असतो आणि उंचीतली चूक काही मीटरची. जोत्यापर्यंत पाणी होतं की माळ्यापर्यंत हे त्यातून कळणार नाही.

यावर उपाय म्हणजे मोजपट्टी. पाहणीच्या वेळी घरातली पुराची खूण जोत्यापासून मोजा आणि जोत्याची रस्त्यापासूनची उंची वेगळ्या रकान्यात लिहा. भिंती पुन्हा रंगवल्या असतील तर कपाटामागे, जिन्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात खूण राहिलेली असते. तीही नसेल तर विजेचा मीटर बुडाला होता का ते विचारा आणि मीटरची उंची मोजा. बुडालेला मीटर बदलून घ्यावा लागतो, त्यामुळे ते सहसा कुणी विसरत नाही.

उधाण

वाऱ्याबद्दल भर घालतो. वादळाचा मार्ग तीन-तीन तासांच्या नोंदींत मिळतो. त्यावरून गावाचं केंद्रापासूनचं अंतर काढून तेच 'झळ' म्हणून वापरायची पद्धत आहे. निसर्गच्या बाबतीत ती फसते. वादळ ईशान्येकडे सरकत रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आपल्याकडे वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे मार्गाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या बाजूला, फिरता वारा आणि वादळाची स्वतःची चाल एकमेकांत मिळाली आणि तो सरळ समुद्राकडून आला. केंद्रापासून तेवढ्याच अंतरावरच्या उत्तरेकडच्या गावात वारा त्यामानाने कमी. अंतरासोबत बाजू धरली नाही तर मंडणगड उगाच 'कमी बाधित' ठरेल.

दुसरी सावधगिरी: आपलं हवामान खातं वाऱ्याचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीवर देतं, वादळांचे इशारे देणारं अमेरिकी केंद्र एका मिनिटाच्या. खात्याने निसर्गचा किनारा ओलांडतानाचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर दिला. त्याच रकान्यात दुसरीकडून उचललेले आकडे मिसळू नका.

उपग्रहाचं थोडक्यात. ढगांतून दिसणारी रडारची चित्रं सेंटिनेल-१कडून मिळतात, पण तो ठरलेल्या दिवशीच वरून जातो. आपल्याकडचा पूर एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणजे चित्र यायच्या आत पाणी गेलेलं असू शकतं. जुलैत आणखी एक घोटाळा होतो. लावणीच्या खाचरांत पाणी साठवलेलं असतं आणि रडारला ते पुराच्या पाण्यासारखंच काळं दिसतं. खाडीकाठची भरती-ओहोटीची जमीनही तशीच. उलट शहरात भिंतींवरून लहरी दुहेरी परततात आणि बुडालेली गल्ली कोरडी दिसते. थोडक्यात, शेत बुडालेलं दाखवणार आणि बाजारपेठ कोरडी. गावांची पहिली निवड करायला ही चित्रं ठीक आहेत, बाईच्या पातळीवर नाहीत.

तिरफळ

पंचनाम्यांविषयी. पंचनामा हा मदतवाटपाचा कागद आहे आणि त्याच चौकटीत भरला जातो. घराची पडझड किमान १५ टक्के असली तरच 'अंशतः' मध्ये बसते. त्याखालची घरं नुकसान होऊनही कागदावर येत नाहीत. त्यामुळे १५च्या आसपास नोंदींची गर्दी होते आणि १० टक्के पडझड झालेलं घर आणि मुळीच न पडलेलं घर सारखंच दिसतं.

नाव असतं घराच्या उताऱ्यावरच्या मालकाचं. तो बहुधा सासरा, नवरा किंवा मुंबईत राहणारा दीर. एका घर नंबरावर तीन चुली असल्या तरी पंचनामा एक. भाडेकरूचं सामान गेलं तर घराच्या रकान्यात ती कुठेच नाही. सामाईक बागायतीत वीस सहहिस्सेदार असतात, प्रत्यक्ष वाडीत राबणारी एखादीच, आणि नुकसान मात्र सगळ्यांच्या नावे वाटलेलं. बाईच्या हातातल्या वस्तू तर त्यात मावतच नाहीत: शिलाई मशीन, वाळत घातलेली सुकी मासळी, मसाल्याची मिरची, पापडाचं पीठ, बचतगटाची वही, गळ्यातलं विकून भरलेली फी.

तरीही पंचनामे टाकून देऊ नका. गावनिहाय बेरीज घ्या आणि तुमच्या मुलाखतींतून आलेल्या गावनिहाय आकड्यांशी ताडून पाहा. शिवाय एक प्रश्न प्रत्येकीला विचारा: पंचनामा झाला का, कुणाच्या नावाने, पैसे कुणाच्या खात्यात आले, केव्हा आले. नुकसान होऊन यादीत नाव नसणं ही घर पडण्यापेक्षा वेगळी झळ आहे आणि ती कित्येक महिने पुरते. 'बाधित' या रकान्यात ती बुडवली तर कधीच दिसणार नाही.

माडाची_वाडी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वापरून हे काम घरबसल्या होणार नाही का? पाचव्या फेरीत महाराष्ट्र आहेच.

कातळसडा

नाही. पाचव्या फेरीतलं महाराष्ट्राचं क्षेत्रकाम जून २०१९ ते जानेवारी २०२० या टप्प्यात झालं, म्हणजे निसर्गच्याही आधी. त्यात उदासीनतेची प्रश्नावली नाही, आणि ओळख लपवण्यासाठी ग्रामीण गटांची जागा नकाशावर ५ किलोमीटरपर्यंत, काहींची १० किलोमीटरपर्यंत, मुद्दाम सरकवलेली असते. पाच किलोमीटरमध्ये आपल्याकडे खाडीचा काठ जाऊन डोंगर लागतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १२ राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

पागोळी

म्हणजे बाईलाच विचारायचं. त्यासाठी २४ हो-नाही प्रश्न तयार आहेत: घरात पाणी आलं का, छप्पर गेलं का, वीज गेली का, जवळचं कुणी दगावलं का, वगैरे. 'हो' मोजून ० ते २४ गुण द्यायचे ठरलंय. अंतर्गत सुसंगती, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, हे तपासलं तर तिचा आकडा, क्रोनबाखचा अल्फा, फार कमी येतो. प्रश्न गाळून तो वाढवावा का?

अबोली

गाळू नका, आणि अल्फा इथे लावूही नका. अल्फा तिथे लागतो जिथे सगळे प्रश्न एकाच आतल्या गोष्टीची लक्षणं असतात. उदासीनता असली की झोप, भूक, उत्साह सगळं एकत्र हलतं. आपत्तीच्या घटना तशा नसतात. छप्पर उडालं म्हणून कुणी वाहून जात नाही. प्रश्न एकमेकांशी जुळत नाहीत हा त्यांचा दोष नव्हे. अल्फा वाढवायच्या नादात नेमके दुर्मीळ आणि गंभीर प्रश्न गळतील. आधी 'जवळचं कुणी दगावलं' हाच जाईल.

सरळ बेरीजही नको. भांडी वाहून गेली १, मूल दगावलं १, हे चालणार नाही. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये जानेवारी १९९८च्या बर्फवादळानंतर गरोदर स्त्रियांवर जो अभ्यास झाला त्यात झळेचे चार भाग केले होते: धोका, नुकसान, व्याप्ती आणि बदल. प्रत्येकाला ८ गुण, मिळून ३२. सांगाडा चांगला आहे, प्रश्न मात्र आपल्याकडचे हवेत. आणि चारही भागांचे गुण शेवटपर्यंत वेगळे ठेवा, म्हणजे कशाचा भार मनावर पडतो ते कळेल.

*धोका.* पाणी अंगाला कुठवर होतं: घोटा, गुडघा, कंबर, छाती, त्याच्या वर. किती तास अडकून होतात? रात्र होती का? सोबत लहान मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं का? बाहेर कुणी काढलं, का स्वतः निघालात? वादळाच्या वेळी पत्रे, कौलं, झाड तुम्ही असलेल्या खोलीवर पडलं का? 'आता आपण वाचत नाही असं वाटलं का' हाही प्रश्न ठेवा, पण वेगळ्या रकान्यात. तो प्रसंगाबद्दल नाही, प्रसंगाच्या जाणिवेबद्दल आहे. आज खचलेली बाई त्याला जास्त वेळा 'हो' म्हणते, म्हणून तो इतर गुणांत मिसळला की कारण आणि परिणाम एकमेकांत गुंततात.

*नुकसान.* घराचं आणि तिचं स्वतःचं वेगळं विचारा. माणसं, घर, गुरं, होडी-जाळी, झाडं, तिची मिळकतीची साधनं, कागदपत्रं. झाडांच्या बाबतीत नुसती संख्या पुरत नाही. नारळ-सुपारीचं रोप लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात. निसर्गात आडवी झालेली पोफळीची वाडी २०२०मध्ये गेली, पण तिचं न मिळालेलं उत्पन्न दर वर्षी पुन्हा जातं, आणि त्यासोबत सुपारी वाळवण्या-सोलण्याची बायकांची मजुरीही. 'त्यातली किती झाडं पुन्हा लावली, किती आज फळावर आहेत' हा प्रश्न घातलात तर हे पकडता येईल.

*व्याप्ती.* पाणी घरात किती तास, वीज किती दिवस नाही, मोबाइलला रेंज किती दिवस नाही, विहीर-नळाचं पाणी किती दिवस वापरता आलं नाही, किती रात्री घराबाहेर. निसर्गनंतर वीज कुठे दोन दिवसांत आली, कुठे आठवडेच्या आठवडे आली नाही. हो-नाही प्रश्नात दोघी सारख्याच दिसतात.

*बदल.* कुठे राहायला लागलं: शाळा, नातेवाईक, माहेर, भाड्याची खोली, निवारा शेड, कंटेनर. किती वेळा जागा बदलली. नवं कर्ज कुणाकडून, आठवड्याचा हप्ता किती. मुलीची शाळा सुटली का. नवरा कामासाठी मुंबईला गेला, की होता तोही परत आला.

याला पाचवा भाग मी आवर्जून जोडेन: *कामाचा भार.* स्त्रियांवरच्या पाहणीत तो नसेल तर पाहणी अर्धीच. चिखल काढण्यात किती दिवस, दिवसाचे किती तास. पाणी किती अंतरावरून, किती खेपा. शौचालय बंद होतं तेव्हा कुठे जात होतात, रात्री सोबत कोण. पाळीचं कापड धुवायला-वाळवायला जागा होती का. किती माणसांचा स्वयंपाक, त्यांतली बाहेरून आलेली किती. ज्या घरांत पाणी शिरलं नाही त्यांत बुडालेले नातेवाईक येऊन राहिले. त्या घरची बाई नुकसानीच्या रकान्यात शून्य असते आणि या रकान्यात सगळ्यांत वर. तिला 'अबाधित' म्हणून तुलनेच्या गटात टाकलंत तर सगळा हिशेब चुकेल.

करंजवन

वरचं सगळं मान्य. आता ज्या बाजूला 'तयार प्रश्नावल्या आहेत' असं म्हटलंय तिथे थांबतो, कारण ती बाजू वाटते तितकी सोपी नाही.

प्रत्येक प्रश्नावलीची खिडकी वेगळी असते. पीएचक्यू-९ ही उदासीनतेची, नऊ प्रश्नांची, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. पीसीएल-५ आघातानंतरच्या लक्षणांची, २० प्रश्न, मागचा महिना, गुण ० ते ८०, आणि साधारण ३१ ते ३३च्या पुढे सविस्तर तपासणी सुचवतात. एसआरक्यू-२० ही जागतिक आरोग्य संघटनेची, हो-नाही स्वरूपाची, मागचे तीस दिवस. वाचता न येणाऱ्या बाईला तोंडी विचारायला हीच सगळ्यांत सोपी, कारण 'काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज' अशा पायऱ्या तिच्यात नाहीत. बाळंतिणींसाठी एडिनबर्गची दहा प्रश्नांची वापरा. तिच्यात थकवा, भूक असे शरीराचे प्रश्न टाळलेले आहेत, आणि बाळंतिणीला थकवा असतोच.

हीच अडचण पीएचक्यू-९ला आपल्याकडे लावणीत येते. थकवा, झोप, भूक हे तीन प्रश्न जुलैत वाकून लावणी करणाऱ्या प्रत्येकीला गुण देतील. शिवाय जून-जुलैत मोबाइलवर पावसाचे इशारे येत असतात, नदीकाठच्या बायका रात्री उठून पाणी पाहतात, पुराचा वर्षदिन जवळ असतो. त्या महिन्यात घेतलेलं माप जानेवारीत घेतलेल्याशी ताडता येत नाही. एक तालुका पावसाळ्यात आणि दुसरा उन्हाळ्यात केला तर दिसणारा फरक आपत्तीचा की ऋतूचा हे कुणालाच सांगता येणार नाही. भातकापणी आणि दिवाळी उरकल्यावर सुरू करून आंब्याची धावपळ सुरू होण्याआधी चारही तालुके संपवा, आणि दर आठवड्याला चारही तालुक्यांत थोडं थोडं काम ठेवा.

दुसरं, गुणांच्या उंबरठ्यावर बोट ठेवून 'इतके टक्के स्त्रियांना नैराश्य' असं लिहू नका. पीएचक्यू-९च्या मूळ अभ्यासात १० गुणांच्या उंबरठ्याला संवेदनशीलता (आजारी ओळखण्याचं प्रमाण) ८८ टक्के आणि विशिष्टता (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) ८८ टक्के होती. समजा हजार स्त्रियांत शंभर जणी खरोखर आजारी आहेत. त्यांतल्या ८८ सापडतील. उरलेल्या ९०० निरोगींपैकी १२ टक्के, म्हणजे १०८, चुकून वर येतील. उंबरठ्यावर आलेल्या १९६ पैकी निम्म्याहून जास्त आजारी नसतील. म्हणून 'चाळणीत वर आलेल्या' असंच लिहा, आणि विश्लेषणात शक्यतो पूर्ण गुणसंख्या वापरा.

पीसीएल-५ला एक नेमका प्रसंग लागतो. 'तुमच्यावर सगळ्यांत जड गेलेला प्रसंग कोणता' हे आधी ठरवून मग वीस प्रश्न. इथे घाई नको. चिपळूण तालुक्यातच २ जुलै २०१९च्या रात्री तिवरे धरण फुटलं. खेडमध्ये २०२१ला पोसऱ्याची दरड कोसळली. मधल्या काळात करोना. बाईने सांगितलेला प्रसंग तुमच्या तीन घटनांबाहेरचा असेल तर तोच लिहून घ्या, ओढूनताणून पुरावर आणू नका.

पागोळी

क्रमाबद्दल गोंधळ आहे. आधी पूर विचारायचा की आधी मन?

अबोली

माझ्या मते आधी पूर. पहिल्या पाच मिनिटांत 'तुम्हाला जगणं नकोसं वाटतं का' हे परक्या माणसाने विचारलं तर कोणती बाई खरं सांगेल? पाणी कुठवर आलं हे सांगता सांगता ती मोकळी होते.

करंजवन

मला हे पटत नाही. अर्धा तास पुराच्या आठवणी काढल्यावर लगेच 'मागच्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का' विचारलं तर उत्तरावर त्या अर्ध्या तासाची छाया पडते, आणि ती जास्त झळ बसलेल्यांवर जास्त पडते. म्हणजे जे शोधायचं तेच आपण प्रश्नांच्या क्रमाने तयार करतो. मोकळं व्हायला दुसरे विषय आहेत: घरात कोण कोण, शेती किती, दिवसाचं काम, बचतगट, दुखणीखुपणी. मग एसआरक्यू किंवा पीएचक्यू. मग आपत्ती. पीसीएल-५ शेवटी, कारण तिला प्रसंग ठरलेला लागतो. आणि अगदी शेवटी पुन्हा रोजचा विषय, बाईला पुराच्या आठवणीत सोडून उठायचं नाही.

अबोली

पीसीएल शेवटी आणि शेवट रोजच्या विषयावर, हे मान्य. पहिल्या भागाला तेवढा वेळ खरोखर द्यायला हवा. मुलाखत घेणाऱ्या मुली दिवसाचं 'टार्गेट' गाठायला तो भाग दोन मिनिटांत उरकतात आणि मग सगळीच उत्तरं 'नाही' येतात. दिवसाला चारपेक्षा जास्त मुलाखती कुणाला देऊ नका.

आठवणीच्या चुकीवर एक उपाय: वाडीतल्या पाच-सहा वयस्क बायकांना बसवून जमिनीवर किंवा कागदावर वाडीचा नकाशा काढा. पाणी कुठवर आलं, कुठली घरं पडली, वीज कधी आली. हे माप मुलाखत दिलेल्या बाईच्या आजच्या मनःस्थितीपासून स्वतंत्र राहतं. नंतर ते तिच्या उत्तरांशी ताडा. तारखा विचारू नका, सण विचारा. गणेश चतुर्थी २०२०ला २२ ऑगस्टला होती आणि २०२१ला १० सप्टेंबरला. 'गणपतीला घरात होतात का, की अजून दुसरीकडेच?' याला उत्तर चटकन येतं, 'किती दिवसांनी परतलात' याला येत नाही.

तिरफळ

मुलाखतीच्या स्त्रिया निवडायला यादी कुठली वापरणार? आजच्या घरांची यादी घेतली तर ज्या सगळ्यांत जास्त भरडल्या त्याच गळतील. घर पडलेल्या, विधवा झालेल्या, माहेरी किंवा मुंबईला गेलेल्या. आपत्तीच्या आधीची यादी घ्या, आशाताईंचं घरनिहाय रजिस्टर किंवा त्या वेळची मतदारयादी, आणि तिच्यातून नावं काढून आज कुठे आहेत ते शोधा. गेलेल्यांची मुलाखत फोनवर घ्यायची तर ती फोनवरची आहे हे रकान्यात नोंदवा. चिपळूण शहरात जलसंपदा विभागाच्या पूररेषा उपयोगी पडतील. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत, दोन्हींच्या मध्ये आणि लालबाहेर असे तीन थर करून प्रत्येकातून स्त्रिया घ्या.

कातळसडा

संख्येचा हिशेब देतो. अंदाजे २० टक्के स्त्रिया चाळणीत वर येतील असं धरलं आणि ५ टक्के मागेपुढे चालणार असेल तर साध्या निवडीत २४६ लागतात. पण तुम्ही वाडीवाडीतून घेणार, आणि एका वाडीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात. वाडीमागे १५ जणी आणि वाडीतलं साम्य ०.०५ धरलं तर गुणक १ + १४ × ०.०५ = १.७. म्हणजे ४१८. पंधरा टक्के भेटणार नाहीत किंवा नकार देतील हे धरून ४९२, म्हणजे ३३ वाड्या. हे फक्त एका टक्केवारीसाठी झालं. तीन थरांची आपसांत तुलना करायची तर एवढ्याने भागणार नाही. पैसे मोजके असतील तर वाड्या वाढवा आणि प्रत्येकीतून कमी घ्या. एकाच वाडीतून ३० घेण्यापेक्षा दोन वाड्यांतून १५-१५ कधीही बरं.

विश्लेषणातली एक हमखास चूक इथेच सांगून ठेवतो. पुरानंतर झालेलं कर्ज, स्थलांतर, बुडालेलं उत्पन्न हे 'नियंत्रणा'त, म्हणजे तुलना करताना सारखं धरायच्या गोष्टींत, टाकू नका. पुराचा परिणाम मनापर्यंत याच वाटांनी पोचतो. वाटाच बंद केल्या तर पोचणारं काही दिसणार नाही. वय, शिक्षण, आधीची जमीन, आधीचा आजार, पुराच्या आधी नवरा कुठे होता, हे चालेल.

उधाण

आधीच्या घटनांचंही एक पान ठेवा. पुराच्या आधीच्या चौदा महिन्यांत निसर्ग, मग तौक्ते, आणि त्यात टाळेबंदीत गावी परतलेले चाकरमानी. एकाच बाईला तिन्ही लागलेले असतील. प्रत्येक घटनेसाठी पाचही भाग वेगळे भरा, भले वेळ जास्त लागो.

माडाची_वाडी

नवव्या प्रश्नाचं काय? जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर मुलाखत घेणारीने काय करायचं?

करंजवन

हे ठरल्याशिवाय पाहणी सुरूच करू नका. पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आलं, किंवा एसआरक्यू, एडिनबर्गमधल्या तशाच प्रश्नाला, तर मुलाखत तिथेच थांबवून तीन गोष्टी शांतपणे विचारायच्या: हा विचार आज आहे का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. घरात कीटकनाशक, तणनाशक, झोपेच्या गोळ्या कुठे ठेवल्यात तेही. तिन्हींतलं एक जरी 'हो' असेल तर बाईला एकटं सोडायचं नाही. जागेवरून पर्यवेक्षिकेला फोन, तिच्या संमतीने विश्वासातलं एक माणूस बोलवायचं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. पण दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांत रेंज नसते, म्हणून नुसता क्रमांक देऊन निघून यायचं नाही. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्यांना पाहणीआधी लेखी कळवून कोणत्या वारी कोण भेटेल हे ठरवून घ्या. विचार आहे पण 'आज नाही' म्हणाली तरी आठवड्याच्या आत पुन्हा भेट.

मुलाखत घेणारी त्याच गावची नको, आणि त्या गावची आशा तर नकोच. तिने घर शोधून द्यावं आणि निघून जावं. सासू शेजारी बसली तर नुकसानीचे प्रश्न चालू ठेवायचे आणि मनाचे पुढे ढकलायचे. एकान्त मिळालाच नाही तर ती मुलाखत अपुरी म्हणून नोंदवायची, अंदाजाने भरायची नाही. मारहाणीचे प्रश्न घालणार असाल तर एका घरातून एकच बाई, आणि त्या घरात कुठलंही छापील पत्रक ठेवायचं नाही. आणि एकदाच बसवून प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावणारं 'समुपदेशन' कुणी सुचवलं तर नकार द्या. त्याने फायदा होत नाही, काहींना त्रास होतो.

पागोळी

मसुदा बदलते. तालुक्याचा १/० रकाना काढला, बेरीज काढली, पाच भाग वेगळे केले, क्रम करंजवन म्हणतात तसा. मुलाखत साधारण ७० मिनिटांची होईल असं दिसतंय. तीन घटनांसाठी पाच भाग म्हणजे बाई कंटाळणार नाही का? कापायचं तर काय कापू?

अबोली

तौक्तेचे 'धोका' आणि 'व्याप्ती' वगळता बाकी भाग फक्त चाळणी-प्रश्नाला 'हो' आलं तरच उघडा. मालकी हक्काचे, एकरांचे प्रश्न कापा, ते वाडीच्या नकाशात येतात. कामाच्या भाराला हात लावू नका. ७०ची ४५ मिनिटं झाली नाहीत तर दोन भेटींत करा: पहिल्या भेटीत घर, मन आणि मोजपट्टीने पुराची खूण, दुसऱ्या भेटीत आपत्ती आणि पीसीएल. दोन भेटींत दहा दिवसांहून जास्त अंतर पडू देऊ नका, नाहीतर पीएचक्यूची दोन आठवड्यांची खिडकी आणि पीसीएलची महिन्याची यांचा मेळ राहणार नाही. प्रश्नावली छापायच्या आधी चार तालुक्यांबाहेरच्या एखाद्या वाडीत पंधरा-वीस जणींवर चालवून पाहा आणि प्रत्येक भागाला लागलेली मिनिटं लिहून घ्या.

तिरफळ

आणि दुसऱ्या भेटीची वेळ दुपारी दोन ते चार ठेवा. सकाळी पाणी, स्वयंपाक आणि गुरं असतात. किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायका होड्या कधी लागतात त्यावर घराबाहेर पडतात, त्यांच्यासाठी भरतीची वेळ पाहूनच दिवस ठरवा.